ढगात कोरडी हवा शिरली की थेंबांचं काय होतं?

पेरू देशाची राजधानी लिमा हे वाळवंटात वसलेलं शहर आहे. वस्ती सुमारे एक कोटी. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथला हिवाळा जूनच्या सुमारास सुरू होतो, आणि तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत शहरावर जे मळभ दाटतं ते आठवडेच्या आठवडे हटत नाही. राखाडी, सपाट, डोक्यावर टेकल्यासारखं आकाश. तिथले लोक या आकाशाला 'गाढवाचं पोट' म्हणतात. रंग बघितला तर नाव अगदी चपखल आहे.

एवढं मळभ, पण पाऊस किती? वर्षभराचा मिळून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. तोही बहुतेक भुरभुर, रस्ता ओला होईल न होईल अशी. ढग आहे, ढगात पाणी आहे, शेजारी अख्खा पॅसिफिक महासागर आहे. मग हे पाणी खाली का येत नाही? खाली येत नसेल तर ढग फुगत का जात नाही? आणि कधीतरी तो विरतो, तो कशामुळे?

या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग ढगाच्या अगदी वरच्या काठावर दडलेला आहे. तिथे ढगातली ओली हवा आणि वरची कोरडी हवा एकमेकींत घुसळली जाते. या घुसळणीत थेंब थोडेथोडे लहान होतात, की काही थेंब पूर्ण संपतात आणि बाकीचे जसेच्या तसे राहतात, यावर शास्त्रज्ञ गेली चाळीस-पन्नास वर्षं अभ्यास करत आहेत. प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण समुद्रावरचे हे ढग सूर्याची किती उष्णता परत पाठवतात हे त्यावर ठरतं, आणि पृथ्वी पुढे किती तापेल या हिशेबात सगळ्यात डळमळीत आकडा याच ढगांचा आहे.

हे ढग बनतात कसे?

लिमावरच्या ढगाचं शास्त्रीय नाव स्ट्रॅटोक्युम्युलस. एका सपाट थरात पसरलेला, पण वरून पाहिलं तर गोधडीसारखा फुगवट्या-फुगवट्यांचा. असे ढग मोजक्या जागी कायमचे मुक्काम ठोकून असतात: पेरू-चिलीचा किनारा, कॅलिफोर्नियाचा किनारा, आफ्रिकेत नामिबिया आणि अंगोलाचा किनारा, कॅनरी बेटांचा परिसर. नकाशात पाहिलंत तर यातल्या बहुतेक जागा खंडांच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत. तिथे समुद्राचं पाणी थंड असतं. पेरूजवळ हम्बोल्ट प्रवाह वाहतो आणि खोलवरचं गार पाणी पृष्ठभागावर येत राहतं.

दुसरी गोष्ट वरून घडते. विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा या भागात हळूहळू खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि तापते. तिच्यातली बाष्पाची शिदोरी तर आधीच संपलेली असते. त्यामुळे समुद्रालगत गार, दमट हवेचा थर आणि त्यावर गरम, कोरड्या हवेचं झाकण अशी रचना तयार होते. एरवी वर जावं तसं तापमान कमी होतं. इथे मात्र ढगाच्या माथ्यावर काही दहा मीटरच्या अंतरात तापमान एकदम आठ-दहा अंशांनी वाढतं. याला इन्व्हर्जन म्हणतात, म्हणजे तापमानाचा उलटा क्रम. हलकी गरम हवा वर आणि जड गार हवा खाली, त्यामुळे खालच्या हवेला वर फुटून निघता येत नाही. ढग उंच वाढू शकत नाही. दोन-चारशे मीटर जाडीचा बुटका ढग होऊन तो शेकडो किलोमीटर आडवा पसरतो.

पृथ्वीवरच्या समुद्रांचा सरासरी पाचवा हिस्सा अशा ढगांखाली असतो. उघडा समुद्र काळसर असतो आणि त्यावर पडलेल्या उन्हापैकी दहा टक्क्यांहून कमी ऊन परत जातं. त्यावर हा ढग आला की तीस ते साठ टक्के ऊन परत फिरतं. शिवाय ढग खालीच असल्यामुळे त्याचं तापमान समुद्राच्या तापमानापेक्षा फार वेगळं नसतं, म्हणून पृथ्वीची बाहेर जाणारी उष्णता तो फारशी अडवत नाही. थोडक्यात, नुसती सावली, पांघरूण नाही.

ढगात पाणी असतं तरी किती?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा फारच कमी. अशा ढगातल्या एका घनसेंटिमीटर हवेत साधारण शंभर थेंब धरू, प्रत्येकाची त्रिज्या दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. गुणाकार केला तर एका घनमीटरमागे सुमारे 0.4 ग्रॅम पाणी येतं. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली या ढगाने गच्च भरली, तरी त्यातलं सगळं पाणी दोन चहाचे चमचे भरेल न भरेल इतकंच.

शेजारशेजारच्या दोन थेंबांत सरासरी दोन मिलिमीटर अंतर असतं. ऐकायला कमी वाटतं, पण थेंबाची रुंदी 0.02 मिलिमीटर आहे. म्हणजे मधलं अंतर थेंबाच्या शंभर पट. थेंब इतके विरळ आहेत आणि इतके हलके आहेत (असा थेंब स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक सेंटीमीटर वेगाने पडतो) की एकमेकांवर आदळून मोठे होण्याचा प्रसंग सहसा येत नाही. एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब बनायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. लिमात छत्री का लागत नाही याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

उलटं पातेलं

चुलीवर पातेल्यात पाणी ठेवलं की तळ तापतो, गरम पाणी वर येतं, वरचं खाली जातं आणि पाणी ढवळलं जातं. स्ट्रॅटोक्युम्युलसमध्ये हेच होतं, फक्त उलट्या बाजूने. इथे तळ तापत नाही, माथा गार होतो.

ढगाचा माथा अवरक्त किरणांच्या रूपाने वर सतत उष्णता फेकत असतो. वरची हवा कोरडी असल्यामुळे तिच्याकडून फारसं काही परत येत नाही. दर चौरस मीटरमागे 50 ते 90 वॅट इतका हा तोटा असतो आणि तो ढगाच्या सगळ्यात वरच्या काही दहा मीटरमध्येच होतो. गार झालेली हवा जड होऊन खाली झेपावते, तिची जागा घ्यायला खालची हवा वर येते. समुद्रापासून ढगाच्या माथ्यापर्यंतचा सगळा थर असा सतत ढवळला जातो आणि ढगाला खालून बाष्पाचा पुरवठा चालू राहतो. दिवसा ऊन ढगाला थोडं तापवतं, त्यामुळे हे यंत्र मंदावतं. रात्री ते जोरात चालतं. म्हणून हे ढग पहाटे सगळ्यात दाट आणि दुपारी सगळ्यात विरळ असतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सकाळचं मळभ आणि दुपारचं ऊन हा क्रम पाठ असतो.

पण ज्या घुसळणीने ढग जगतो, तीच त्याचा घातही करते. वर आलेला हवेचा लोट इन्व्हर्जनच्या झाकणावर आपटतो, पसरतो, आणि वळून खाली जाताना वरच्या कोरड्या हवेचा एखादा पदर सोबत ओढून नेतो. या ओढून नेण्याचा वेग सेकंदाला काही मिलिमीटरच असतो. मुंगीसुद्धा याहून वेगात चालते. पण पाच मिलिमीटर धरले तरी दिवसाला चारशे मीटरहून जास्त जाडीची कोरडी हवा ढगाच्या थरात शिरते. वरून उतरणारी हवा ढगाचा माथा जवळपास तेवढ्याच वेगाने खाली दाबत असते, म्हणून माथा जागच्या जागी दिसतो. ढग स्थिर दिसतो तो असा, दोन विरुद्ध ओढींच्या मध्ये.

वर्गणीचे दोन प्रकार

आता मुख्य प्रश्न. कोरड्या हवेचा एक लोट ढगात शिरला. त्याला तहान आहे. तो संपृक्त होईपर्यंत, म्हणजे त्यात आणखी बाष्प मावेनासं होईपर्यंत, थेंबांकडून पाणी घेत राहणार. किती पाणी घेणार हे त्याच्या कोरडेपणावर आणि तापमानावर ठरतं, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कोणाकडून घेणार याबद्दल.

गल्लीत वर्गणी गोळा करायची आहे असं समजा. एक पद्धत अशी, की प्रत्येक घरातून सारखीच रक्कम घ्यायची. सगळ्यांचा खिसा थोडा हलका होईल, पण कोणी कंगाल होणार नाही. दुसरी पद्धत अशी, की कोपऱ्यावरच्या पहिल्या काही घरांत शिरायचं, तिथे जे असेल ते सगळं घ्यायचं, आणि रक्कम पुरी झाली की परत फिरायचं. आतल्या घरांना पत्ताच लागत नाही. जमलेली रक्कम दोन्ही वेळा तीच. गल्लीची अवस्था मात्र वेगळी.

थेंबांच्या बाबतीत पहिल्या प्रकाराला एकजिनसी मिसळण म्हणतात. कोरडी हवा आधी सगळीकडे सारखी पसरते आणि मग सगळे थेंब मिळून थोडेथोडे आटतात. दुसरा प्रकार म्हणजे असमान मिसळण. कोरड्या हवेच्या काठावर जे थेंब सापडले ते पूर्ण आटतात, तोवर ती हवा तृप्त झालेली असते, आणि मग ती आत पसरते तेव्हा उरलेल्या थेंबांना धक्का लागत नाही.

आकडे घालून पाहू. शंभर थेंब, त्रिज्या दहा मायक्रॉन, आणि त्यातलं निम्मं पाणी गेलं. (प्रत्यक्षात नवी हवा आल्यामुळे थेंब आणखी विरळही होतात, ते इथे बाजूला ठेवू.) पहिल्या प्रकारात शंभरच्या शंभर थेंब उरतात, फक्त प्रत्येकाची त्रिज्या आठ मायक्रॉनच्या जरा खाली येते. दुसऱ्या प्रकारात पन्नास थेंब उरतात, दहा मायक्रॉनचेच. उन्हाला अडवण्याचं काम थेंबांच्या एकूण आडव्या क्षेत्रफळावर चालतं. ते काढलं तर पहिल्या प्रकारातला ढग दुसऱ्यापेक्षा सुमारे सव्वापट भरतो. दोघांत पाणी अगदी सारखं, तरी एक ढग जास्त पांढरा आणि दुसरा जास्त पारदर्शक.

शर्यत कोण जिंकतं?

यातलं नेमकं काय घडेल हे ठरवणारी गोष्ट मोठी सरळ आहे. हवा मिसळायला किती वेळ लागतो आणि थेंब आटायला किती वेळ लागतो, या दोहोंची शर्यत. गेरहार्ड डामकोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रासायनिक क्रियांसाठी असं गुणोत्तर मांडलं होतं. ढगांच्या अभ्यासातही आज त्याच्याच नावाचा अंक वापरतात. मिसळायला जास्त वेळ लागत असेल तर असमान मिसळण, थेंब आटायला जास्त वेळ लागत असेल तर एकजिनसी.

थेंबाचं गणित आधी. दहा मायक्रॉनचा थेंब पन्नास टक्के आर्द्रतेच्या हवेत सापडला तर साधारण एका सेकंदात संपतो. नव्वद टक्के आर्द्रतेत तो पाचेक सेकंद टिकतो. पाच मायक्रॉनचा थेंब मात्र याच्या चौथ्या हिश्शाच्या वेळातच नाहीसा होतो, कारण आटण्याचा वेळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो.

आता हवेचं. इथे 'ढवळणं' आणि 'मिसळणं' यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. चहात दूध ओतलं की आधी पांढऱ्या शिरा दिसतात. शिरा ताणल्या जातात, दुमडतात, बारीक होत जातात आणि मग एका क्षणी रंग एकसारखा होतो. हवेतही मोठा भोवरा लहान भोवऱ्यांत मोडतो, ते आणखी लहानांत, असं करत ढगाच्या बाबतीत साधारण एक मिलिमीटरपर्यंत उतरतं. त्याखाली हवेचा चिकटपणा सगळे फरक पुसून टाकतो. समुद्रावरच्या या ढगांमधल्या घुसळणीचा नेहमीचा जोर धरला, तर दहा मीटरचा लोट मोडून मिसळायला पाऊण मिनिट लागतं, एक मीटरचा असेल तर दहाएक सेकंद, आणि दहा सेंटीमीटरचा असेल तर दोनेक सेकंद.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र उलगडतं. मोठा लोट आला तर मिसळण्याआधीच काठावरचे थेंब मरतात. लोट तुटून वीतभर किंवा त्याहून लहान झाला, की मग मिसळणं थेंबांच्या आटण्याला गाठतं आणि सगळे थेंब सारखी किंमत मोजतात. म्हणजे 'हे की ते' असं नाहीच. एकच लोट आधी एका प्रकाराने वागतो आणि लहान होत गेल्यावर दुसऱ्या प्रकाराने. खरा प्रश्न असा, की तो लहान होईपर्यंत त्याची तहान शिल्लक राहते का?

हा विचार जॉन लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये 1970च्या दशकाच्या अखेरीस मांडला. मार्शा बेकर, लेथम आणि सहकाऱ्यांचा 1980 सालचा शोधनिबंध या विषयाचा पाया मानला जातो. तेव्हा ही कल्पना प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांतून आणि कागदावरच्या गणितातून आली होती. ढगात जाऊन पाहणं फार अवघड होतं, आणि अजूनही सोपं नाही.

विमानातून वीतभर लांबीचं कसं मोजायचं?

ढगांचा अभ्यास करणारं विमान सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने उडतं. यंत्राने सेकंदाला एक नोंद केली, तर ती शंभर मीटर ढगाची सरासरी झाली. आपला सगळा खेळ सेंटीमीटरांत चालतो. शंभर मीटरच्या सरासरीत निम्मा दाट ढग आणि निम्मी मोकळी हवा आली, तरी यंत्र सांगणार, 'थेंब निम्मे झाले, आकार तोच.' म्हणजे असमान मिसळणीसारखंच उत्तर, प्रत्यक्षात काहीही मिसळलेलं नसताना! जुन्या मोजणीतले कितीतरी निष्कर्ष या कारणाने संशयास्पद ठरतात.

यावरची एक देखणी तोड म्हणजे होलोग्राफी. लेझरच्या एका लखलखाटात दहा-पंधरा घनसेंटिमीटर हवेतल्या सगळ्या थेंबांच्या जागा आणि आकार एकाच वेळी टिपायचे. अशा यंत्राने केलेल्या नोंदी 2015 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. त्यांत दिसलं, की ढग आणि मोकळी हवा यांच्यातली सीमा सेंटीमीटरच्या पातळीवरही धारदार असू शकते आणि मिसळण बरीचशी असमान असते. मात्र ते ढग जमिनीवरचे राशिमेघ होते, कापसाच्या ढिगासारखे फुगणारे. समुद्रावरच्या बुटक्या ढगांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

समुद्रावरच्या ढगांसाठी जुलै 2001 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ डायकॉम्स-2 नावाची मोहीम झाली. ऊन नसताना ढगाचं वागणं पाहता यावं म्हणून तिच्यातली बरीच उड्डाणं रात्रीची होती. त्या नोंदींतून ढगाच्या माथ्याजवळ 'ढगातली छिद्रं' ठळकपणे दिसली: काही मीटर रुंदीच्या, कमी पाण्याच्या जागा, जिथून वरची हवा खाली येत होती. या छिद्रांत थेंबांची संख्या कमी होती, पण उरलेल्या थेंबांचा आकार फारसा बदलला नव्हता.

मग असमान मिसळण सिद्ध झाली का? इथे एक मेख आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच सगळ्यात मजेदार गोष्ट आहे. ढग आणि वरची कोरडी हवा यांच्यामध्ये काही दहा मीटर जाडीचा एक मधला पट्टा असतो. ढगाच्या आधीच्या उसळ्यांनी त्या पट्ट्यातली हवा आधीच थोडी गार आणि ओली करून ठेवलेली असते. ढगात शिरणारी हवा थेट वरून न येता या पट्ट्यातून येते. म्हणजे वर्गणी मागायला येणारा माणूस दारात येण्याआधीच जेवून आलेला असतो. अशी जवळजवळ तृप्त हवा ढगात मिसळली, की थेंब आटतच नाहीत, फक्त विरळ होतात. संख्या कमी, आकार तोच. नोंद पुन्हा तीच, कारण मात्र तिसरंच. म्हणून थेंबांचे आकडे कितीही अचूक असले तरी शेजारच्या हवेची आर्द्रता तितक्याच बारीक पातळीवर मोजल्याशिवाय निकाल देता येत नाही, आणि ढगात आर्द्रता अचूक मोजणं हे थेंब मोजण्यापेक्षाही कठीण आहे.

हवेत जमत नाही ते खोलीत जमतं. अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात 'पाय चेंबर' नावाची ढगाची खोली आहे. तिचं आकारमान 3.14 घनमीटर, म्हणून ते नाव. खालची बाजू गरम, वरची गार ठेवून तिथे हवा घुसळतात आणि ढग तासन् तास टिकवून ठेवतात. तिथल्या प्रयोगांत दिसलं, की घुसळणीमुळे जागोजागच्या आर्द्रतेत सतत चढउतार होतात आणि त्यामुळे सगळे थेंब एकाच आकाराचे न राहता काही मोठे, काही लहान असे फाकत जातात. थेंब कमी केले तर हे फाकणं आणखी वाढतं.

थेंब संपले तर पाऊस कसा वाढेल?

आकारातली ही विषमता पावसासाठी मोलाची आहे. बाष्प चिकटून थेंब वाढतो खरा, पण मोठा होईल तशी त्याची वाढ मंदावते. त्यामुळे मागचे थेंब पुढच्यांना गाठतात आणि सगळे वीसेक मायक्रॉनच्या अलीकडेच खोळंबतात. टकरी होऊन थेंब एकमेकांत विरघळायला काही थेंब तरी इतरांपेक्षा ठळकपणे मोठे हवेत, म्हणजे ते वेगळ्या वेगाने पडतील आणि वाटेत इतरांना गिळतील.

बेकर आणि लेथम यांची कल्पना अशी होती, की असमान मिसळणीत अर्धे थेंब संपले आणि ती हवा पुन्हा वर चढू लागली, की नव्याने तयार होणाऱ्या पाण्यात वाटेकरी कमी असतात. उरलेले थेंब मग एरवीपेक्षा जास्त फुगतात. म्हणजे कोरडी हवा ढगाचं पाणी पळवते आणि त्याच वेळी भुरभुर पडण्याची सोयही करून जाते. हे प्रत्यक्षात किती घडतं यावर मतभेद आहेत. घुसळणीमुळे थेंबांच्या टकरीही वाढतात, कारण जड थेंब भोवऱ्याबाहेर फेकले जाऊन कडेला गर्दी करतात. पण गडगडाटी ढगांच्या मानाने हे समुद्री ढग फार सौम्य असतात, त्यामुळे इथे या परिणामाला फार महत्त्व देऊ नये असं मला वाटतं.

धुराचा उलटसुलट परिणाम

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2008 मध्ये चिली-पेरूच्या समुद्रावर व्होकल्स नावाची मोठी मोहीम झाली. अनेक विमानं आणि संशोधन जहाजं त्यात होती. किनाऱ्याजवळच्या ढगांत थेंब जास्त आणि बारीक आढळले, समुद्रात दूर गेल्यावर विरळ आणि मोठे. किनाऱ्यालगत चिलीतल्या तांब्याच्या भट्ट्यांचा आणि शहरांचा धूर असतो. धुरातला प्रत्येक योग्य कण एका थेंबाचं बीज बनतो. बियाणं जास्त, पाणी तेवढंच, म्हणून थेंब बारीक. दूरवर, स्वच्छ हवेत, भुरभुर जास्त होती.

बारीक थेंबांचा ढग जास्त पांढरा दिसतो हे शॉन ट्वूमी यांनी 1970च्या दशकात दाखवलं. उपग्रहाच्या चित्रांत जहाजांच्या वाटेवर पांढऱ्या रेघा दिसतात त्या यामुळेच. मग धूर वाढला की ढग जास्त ऊन परतवणार, एवढा साधा हिशेब का नाही? कारण मध्ये पुन्हा ती वरची घुसळण येते. बारीक थेंब लवकर आटतात. शिवाय मोठे थेंब माथ्यावरून थोडे खाली सरकतात, बारीक थेंब मात्र तिथेच, कोरड्या हवेच्या तोंडावर, तरंगत राहतात. ते आटले की हवा आणखी गार होते, आणखी जोराने खाली जाते आणि आणखी कोरडी हवा ओढून आणते. अँड्र्यू अ‍ॅकरमन आणि सहकाऱ्यांनी 2004 साली संगणकीय प्रतिकृतींतून दाखवलं, की वरची हवा पुरेशी कोरडी असेल तर थेंबांची संख्या वाढल्यावर ढगातलं पाणी चक्क कमी होतं. पांढरेपणातली कमाई पातळपणात खर्च होते.

गार झालेली हवा आणखी हवा ओढते, हे चक्र सुटलं तर ढग काही वेळात फाटून जाईल, अशी भीती डग्लस लिली यांच्या 1968 सालच्या कामापासून व्यक्त होत आली. नंतर त्यासाठी एक निकषही ठरला. गंमत म्हणजे तो निकष पूर्ण होऊनही अनेक ढग मजेत टिकून असलेले दिसले. माथ्यावरचं उष्णता फेकणं आणि समुद्राकडून येणारं बाष्प झीज भरून काढतात.

1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा जगभर 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आली. धूर स्वच्छ झाला, आणि जहाजांच्या त्या पांढऱ्या रेघाही कमी झाल्या. यामुळे समुद्र किती जास्त तापतोय, यावर सध्या जोरदार चर्चा चालू आहे. दुसरीकडे, समुद्राच्या पाण्याचे बारीक तुषार हवेत सोडून ढग मुद्दाम पांढरे करायचे, असे प्रस्ताव आहेत. ही कल्पना मांडणारे तेच जॉन लेथम. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफजवळ त्याच्या छोट्या चाचण्या झाल्या. कॅलिफोर्नियात अ‍ॅलमिडा इथे 2024 साली अशी एक तुषार-चाचणी सुरू झाली आणि नगर परिषदेने ती थांबवली. माथ्यावरची घुसळण नीट कळल्याशिवाय, अशा तुषारांनी ढग पांढरा होईल की पातळ, हे आधी सांगता येत नाही. एवढ्यासाठी तरी ही चर्चा प्रयोगशाळेबाहेर व्हायला हवी.

हवामानाच्या प्रतिकृतींना हे का झेपत नाही?

पृथ्वीचं भविष्य सांगणाऱ्या संगणकीय प्रतिकृती जगाचे पन्नास-शंभर किलोमीटरचे चौकोन पाडतात. एका चौकोनात अख्खा ढगांचा पट्टा मावतो. त्यांत दहा मीटरचा लोट दिसत नाही, सेंटीमीटरची तर बातच सोडा. मग 'अशी परिस्थिती असेल तर ढग साधारण इतका विरेल' असा अंदाजाचा नियम आत बसवावा लागतो. प्रत्येक गटाचा नियम थोडा वेगळा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, यावर प्रतिकृतींची उत्तरं वेगवेगळी येतात, त्याचं एक मोठं कारण हे बुटके ढग आहेत.

टॅपिओ श्नायडर आणि सहकाऱ्यांनी 2019 साली ढगाच्या छोट्या तुकड्याची बारकाईने प्रतिकृती चालवली. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 1200 भागांच्या पुढे गेल्यावर त्यांच्या ढगाचा थर फुटला आणि त्यातून सुमारे आठ अंशांची जादा तापमानवाढ निघाली. आज हे प्रमाण 420च्या वर आहे. त्या प्रतिकृतीत बऱ्याच गोष्टी सोप्या करून घेतल्या होत्या, त्यामुळे तो आकडा भविष्यवाणी म्हणून घेऊ नये. पण वरून उष्णता फेकण्याचं यंत्र बंद पडलं तर ढग कसा मोडतो, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

आपल्याकडच्या पावसाळी ढगांची गोष्ट जरा वेगळी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2009 साली सुरू झालेल्या 'कायपिक्स' मोहिमेत विमानाने ढगांत शिरून थेंब मोजले. तिच्या नोंदींवरून आपल्या राशिमेघांतल्या मिसळणीचेही अभ्यास झाले आहेत. हे ढग उंच वाढतात आणि कडेनेही कोरडी हवा आत घेतात. लिमावरच्या ढगाला फक्त माथ्याची खिडकी आहे.

त्या लिमाच्या डोंगरउतारांवर, नळ न पोहोचलेल्या वस्त्यांत, लोकांनी बांबूंना नायलॉनच्या मोठ्या जाळ्या बांधल्या आहेत. हिवाळ्यात ढग इतका खाली असतो की हे उतार ढगाच्या आत असतात. वारा ढगाला जाळीतून नेतो, थेंब धाग्यांवर आदळतात, ओघळतात आणि खालच्या पन्हळीतून टाकीत जातात. एका चौरस मीटर जाळीमागे दिवसाला काही लिटर पाणी मिळतं, कपडे धुवायला आणि भाजीच्या वाफ्यांना उपयोगी. मोठे थेंब सरळ जाऊन धाग्यावर आपटतात. फार बारीक थेंब हवेबरोबर धाग्याला वळसा घालून निघून जातात. त्यामुळे टाकी किती भरली हे, ढगात पाणी किती होतं याबरोबरच, ते किती मोठ्या थेंबांत वाटलेलं होतं यावरही अवलंबून असतं.